पोथी हातची की छापील? बोटांना विचारा!

परवा वरकुट्याला आत्याकडे गेलो होतो. तिनं लाल फडक्यात बांधलेली जुनी पोथी काढली. "ही हातानं लिहिलीय रे, पणजोबांच्या वेळची."

अक्षर वळणदार, बोरूचंच. पण मोबाईलची बॅटरी तिरपी धरली आणि मजा कळली.

खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांची छपाई असेल तर खिळा कागदात रुततो. पान उलटून बोट फिरवा, बारीक उंचवटे लागतात. शिवाय एखादा 'क' तुटका असेल, तर तोच तुटका 'क' पुन्हा पुन्हा भेटतो.

इथं पाठ सपाट होती आणि प्रत्येक 'क' थोडा निराळा. म्हणजे हस्तलिखितच? नाही. दोन पानांवर शाईचा तोच पुसट डाग होता, आणि शेवटी छापखान्याचं नाव! ही शिळाप्रेसवर छापलेली. लेखकू तेलकट शाईनं कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरवायचे आणि मग प्रती काढायच्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली असाच छापखाना काढला.

युरोपातही अभ्यासक असंच बघतात. 1455 च्या सुमाराच्या गुटेनबर्ग बायबलच्या पानांना कडेला टाचणीची भोकं आहेत. दुसरी बाजू छापताना कागद नेमका बसावा म्हणून ती पाडलेली.

आत्या म्हणाली, "म्हणजे पणजोबांनी नाही लिहिली?" म्हटलं, "नाही, पण जपली त्यांनीच."

तुमच्या घरी पोथी आहे? पानाच्या पाठीचा तिरप्या उजेडातला फोटो टाका, मिळून ओळखू. लॅमिनेशन मात्र करू नका!