जुन्या कळपात नव्या कोंबड्या

भारतातील असंख्य खेड्यांत घराच्या परसात दहा-पाच कोंबड्या पाळण्याची चाल फार जुनी आहे. झारखंडातील आदिवासी वस्ती असो, तेलंगणातील शेतकऱ्याचे अंगण असो वा कोकणातील वाडी असो, अंड्यांचा आणि अडीअडचणीला विकावयाच्या पक्ष्यांचा हा लहानसा ठेवा बहुधा घरच्या स्त्रीच्या हाती असतो. हा कळप नेहमी एकसारखा राहत नाही. काही कोंबड्या म्हाताऱ्या होऊन अंडी देईनाशा होतात, काहींना मुंगूस पळविते. त्यांची जागा भरून काढण्यासाठी बाजारातून नव्या तलंगा, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणाव्या लागतात. त्या जुन्या कळपात सरळ सोडल्या, की अंगणात एकच गदारोळ उडतो. जुन्या कोंबड्या नवागतांवर तुटून पडतात, त्यांना दाण्याजवळ येऊ देत नाहीत, आणि कधी कधी रक्त येईपर्यंत टोचतात. हे वैर निष्कारण दिसते. परंतु त्यामागे एक निश्चित व्यवस्था आहे, आणि ती समजून घेतली तर बरीचशी हानी टाळता येते.

कळपातील मानपान

ही व्यवस्था प्रथम उलगडून दाखविली ती नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून त्यांना कोंबड्यांचे निरीक्षण करण्याचा छंद होता. कोण कोणाला टोचते आणि कोण निमूटपणे बाजूला होते, याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली व 1922 साली आपले निष्कर्ष जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, कळपातील कोणत्याही दोन कोंबड्यांपैकी एक वरचढ असते व दुसरी तिला मान देते. सर्वांत वरची कोंबडी कोणालाही टोचू शकते. सर्वांत खालचीला सर्वांचे टोचणे सोसावे लागते. या श्रेणीला ‘टोचक्रम’ म्हणता येईल. तो नेहमीच सरळ शिडीसारखा असतो असे नाही. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलट पहिलीला टोचते, असे त्रिकोणही मधूनमधून आढळतात.

टोचक्रम हे कलहाचे मूळ नसून कलह मिटविण्याचे साधन आहे. एकदा क्रम ठरला की प्रत्येक घासासाठी झुंज करावी लागत नाही. वरचढ कोंबडीने नुसती मान उंचावली तरी दुसरी वाट सोडते. मात्र त्यासाठी कळपातील प्रत्येकीला इतर सर्वजणींची ओळख असावी लागते. ही ओळख मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून पटते. काही आठवडे दूर ठेवलेली कोंबडी परत आणली, तर जुन्या मैत्रिणीही तिला परकी समजतात, ते याच कारणामुळे.

आता नव्या कोंबड्या आल्या म्हणजे काय घडते, हे साध्या गणिताने समजेल. दहा कोंबड्यांच्या कळपात 45 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा निवाडा पूर्वीच झालेला असतो. त्यांत दोन नव्या कोंबड्यांची भर पडली की जोड्या 66 होतात. म्हणजे पक्षी वाढले दोनच, परंतु अनिर्णीत राहिलेले संबंध 21. हे सर्व निवाडे एकाच सकाळी, एकाच दाण्याच्या भांड्याभोवती होऊ लागले, तर गदारोळ उडणे साहजिक आहे.

या अस्थैर्याची किंमतही मोजली गेली आहे. गूल आणि ॲली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1944 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कळपांतील कोंबड्या वरचेवर बदलल्या आणि काही कळप कायम ठेवले. कायम राहिलेल्या कळपांत टोचाटोची कमी झाली. त्या कोंबड्यांनी दाणा अधिक खाल्ला, त्यांचे वजन चांगले टिकले आणि अंडीही अधिक मिळाली. तेव्हा दर आठवड्यास एकेक कोंबडी आणून सोडण्यापेक्षा हव्या तेवढ्या एकदम आणणे केव्हाही श्रेयस्कर.

आधी विलग, मग शेजार

टोचण्याच्या जखमांपेक्षाही मोठे भय रोगाचे असते. राणीखेत रोग, ज्याला महाराष्ट्रात मानमोडी असेही म्हणतात, हा विषाणूमुळे होतो. 1927 च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे त्याचा उद्भव दिसून आला, म्हणून भारतात त्याला हे नाव पडले. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे होऊ शकते. बाहेरून निरोगी दिसणारा पक्षीही अंगात रोगबीज बाळगून असू शकतो. म्हणून नव्या कोंबड्या तीन ते चार आठवडे जुन्या कळपापासून शक्य तितक्या दूर, निराळ्या जागी ठेवाव्यात. त्यांची भांडी वेगळी असावीत. दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना व मागाहून नव्यांना द्यावे, आणि त्यानंतर हातपाय स्वच्छ धुवावेत. या अवधीत नाकातून स्राव, घरघर, हिरवट किंवा रक्ताची हगवण, पंखांखाली उवा यांपैकी काही दिसते का, हे रोज पाहावे व शंका येताच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. जुन्या व नव्या, दोन्ही कळपांचे लसीकरण झालेले असणे अवश्य आहे.

विलगवासानंतर लगेच एकत्र न सोडता नव्या कोंबड्यांना जुन्यांच्या शेजारी, परंतु जाळीपलीकडे ठेवावे. तारेची जाळी नसेल तर बांबूचा ताटवाही चालेल. दोन्ही गट एकमेकांना पाहू शकतील, पण चोच पोहोचणार नाही, एवढेच साधावयाचे असते. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंस जवळ ठेवल्यास दोन्ही गट एकमेकांसमोर खाण्यास सरावतात. आठ-दहा दिवसांत परकेपणा बराच ओसरतो.

एकत्र सोडताना

एकट्या कोंबडीला कधीही सोडू नये. सर्वांचा रोख तिच्यावरच वळतो. दोन-तीन असतील तर तो विभागला जातो. नव्या कोंबड्या आकाराने जुन्यांच्या बरोबरीच्या असाव्यात. लहान पिलांना मोठ्या कोंबड्यांत सोडणे धोक्याचे होय. जातीचाही विचार करावा. असील ही जात झुंजारपणासाठी प्रसिद्ध असल्याने तिच्या कळपात अधिक सावध राहावे लागते. दाण्यापाण्याची भांडी निदान दोन-तीन ठिकाणी असावीत, म्हणजे एका भांड्यावर वरचढ कोंबडीने ताबा घेतला तरी दुसरीकडे नवागतांचे पोट भरते. अंगणात उलटी टोपली किंवा टेकवून ठेवलेली फळी असा आडोसा असावा. हरलेल्या कोंबडीला दृष्टिआड होता आले की पाठलाग संपतो.

नव्या कोंबड्यांना रात्री गुपचूप दांडीवर बसविले की सकाळी जुन्यांना त्या आपल्याच वाटतात, अशी एक समजूत आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांततेत जाते हे खरे. परंतु उजाडताच ओळखीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून रात्री बसविल्यास पहाटेच खुराडे उघडून सर्वांना मोकळ्या अंगणात सोडावे.

तलंगांच्या आहारासंबंधीही एक दक्षता घ्यावी. अंड्यांवरील कोंबडीच्या खाद्यात टरफलासाठी चुना पुष्कळ असतो. वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांस तो अपायकारक ठरतो. एकत्र राहू लागल्यावर सर्वांना तलंगांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती तो आपणहून खाते.

पहिल्या काही दिवसांत पिसे फुलविणे, छातीला छाती भिडविणे, एखादी चोच मारणे हे चालणारच. त्यात हात घालून प्रत्येक झुंज सोडविल्यास निवाडा लांबणीवर पडतो. मात्र रक्त दिसताच त्या कोंबडीला तत्काळ बाजूला काढावे, कारण लाल जखमेकडे इतर कोंबड्या आकृष्ट होतात आणि सर्व मिळून तिला टोचून मारू शकतात. जखम भरल्यावर तिला पुन्हा जाळीमागून ओळख करून द्यावी. एखादी कोंबडी दिवसभर कोपऱ्यात दडून राहत असेल, तर सायंकाळी तिची अन्नाची पिशवी हाताने चाचपून पाहावी. ती रिकामी लागली तर तिला निराळे खाऊ घालावे.

साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत नवा क्रम ठरतो. सायंकाळी जुन्या व नव्या कोंबड्या एकाच दांडीवर शेजारी बसू लागल्या आणि सकाळी सर्वजणी दाणा टिपू लागल्या, की जाळी काढून ठेवावयास हरकत नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा उपयोगी पडेल.