खेळ मांडियेला – ९ : आधी सांगायचं!

मागच्या आठवड्यात वीस बाजूंच्या फाशाची ओळख करून घेतली. फासा आकडा देतो. पण खेळाच्या नियमपुस्तकात कुठेच नसलेली गोष्ट खेळाडूने करायची ठरवली, तर निकाल कसा लावायचा? त्यासाठी आधी मुंबईतल्या नायगावला जाऊ या.

नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. आता त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. पोरांना खेळायला उरते ती दोन इमारतींमधली जागा. गिरगावात तेवढीही नसते, तिथे वाडीतल्या फरशीवर स्टंप म्हणून खुर्ची येते. या जागेत क्रिकेट खेळायचं तर नियम जागेला विचारूनच करावे लागतात. बॉल कुणाच्या खोलीत गेला की आऊट, कारण आत आजी झोपलेली असते आणि काच फुटली तर आठवडाभर खेळ बंद. गटारात गेला तर दोनच रन. भिंतीवरून आलेला कॅच एका हाताने घेतला तर आऊट. एलबीडब्ल्यू नाहीच, कारण अंपायर बॅटिंग करणाऱ्यांचाच.

आणि कच्चा लिंबू! आईने मागे लावून दिलेला धाकटा भाऊ. त्याचा त्रिफळा उडाला तरी तो आऊट नसतो. खेळाची चुरस जराही कमी न करता सगळ्यांत दुबळ्याला आत घेणारी ही तरतूद मला कायद्याच्या कुठल्याही कलमाइतकी मोलाची वाटते.

हे सगळं मनमानी वाटेल, पण त्यामागे एक पक्का दंडक असतो : आधी सांगायचं. डाव सुरू होण्यापूर्वी काहीही ठरवा. नंतर बदललंत तर तो रडीचा डाव. खुद्द क्रिकेटच्या कायद्यातही सीमारेषा नाणेफेकीआधी ठरवावी लागते. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मैदानात तर सीमारेषेच्या आतच एक जुनं लिंडनचं झाड उभं होतं. बॉल त्याला लागला की चार धावा, असा तिथला नियम. २००५ च्या जानेवारीत वादळाने ते पडलं.

आता आपल्या मुख्य खेळाकडे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा. एका डब्यात तीन पातळ पुस्तिका. प्रत्येक खेळाडू गुहेत शिरणारं एकेक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. गुहेचं वर्णन, राक्षसांच्या चाली, निवाडा, सगळं त्याच्याकडे. लढाईसाठी अर्नेसनने आधी एका युद्धखेळाचे तयार नियम वापरून पाहिले. ते आपल्या गुहांना पुरेनात, म्हणून स्वतःचे रचले. मूळ पुस्तिकांत फटीही पुष्कळ होत्या, आणि त्या आपल्या कल्पनेने भरा असं वाचकालाच सांगितलं होतं. पुढे १९७९ मध्ये गायगॅक्सचा सूत्रधारासाठीचा जाडजूड ग्रंथ आला. आता त्याला सगळीकडचा खेळ एकसारखा हवा होता, कारण स्पर्धा भरू लागल्या होत्या. हुतूतूच्या गावोगावच्या तऱ्हा एका नियमावलीत बांधाव्या लागल्या, त्याही अशाच गरजेपोटी.

मात्र इथे एक अडचण आहे. चाळीत सगळं आधी सांगता येतं, कारण भिंत आणि गटार जागा सोडत नाहीत. गुहेत खेळाडू काय करील ते आधी कळत नाही. समजा, राक्षस जिना चढतोय आणि एक जण म्हणाला, “मी कंदिलातलं तेल पायऱ्यांवर ओततो.” नियम नाही. चांगला सूत्रधार क्षणभर विचार करून अवघडपणा ठरवतो. हल्लीच्या नियमांत साधारण १० सोपं, १५ मध्यम, २० कठीण. इथे १५ धरू, म्हणजे तेवढे किंवा जास्त पडले तर जमलं. नुसत्या फाशावर १५ किंवा जास्त येण्याची शक्यता ३० टक्के. पात्राच्या चपळाईचे चार मिळवले तर ५० टक्के. पण हा आकडा फासा पडण्याआधी मोठ्याने सांगायचा. पडलेलं दान पाहून अट ठरवली, तर खेळाडूच्या भल्यासाठी असली तरी ती माझ्या लेखी रडीच. दुसरं, दिलेला निवाडा दोन्ही बाजूंना लागू. आज तेलाने राक्षस घसरला, तर उद्या राक्षसांनी ओतलेल्या तेलावरून तुम्हीही घसरणार.

वीस बाजूंचा फासा हाताशी नसेल तर हाऊजीच्या डब्यातल्या १ ते २० या सोंगट्या पिशवीत टाका. एक काढायची, आकडा वाचायचा आणि परत टाकायची. परत टाकली नाही तर उरलेल्यांच्या शक्यता बदलतात. ल्युडोचे दोन फासे चालणार नाहीत. त्यांच्या बेरजेत ७ छत्तीसपैकी सहा वेळा येतो, २ आणि १२ एकेकदाच.

येत्या गणपतीच्या जागरणात हाऊजी संपली की करून बघा. मोठ्यांनी योद्धे व्हावं, मांत्रिक व्हावं. सगळ्यांत लहान असेल त्याच्या हाती मशाल द्या. तो कच्चा लिंबू, त्याला कुठलाही राक्षस धरू शकत नाही. फक्त हे गुहेत शिरण्याआधी सांगायचं.