खरेदीखताचा फास आला कुठून?

शेतकरी बंधूंनो, व्याजाने पैसे घेताना "गहाणखत कशाला, खरेदीखतच करू, पैसे फेडले की जमीन माघारी लिहून देतो" असं कुणी म्हटलं, तर लगेच सही-अंगठा देऊ नका. ही रीत आपल्या नगर जिल्ह्यात जुनी आहे. नवल हे की ती फोफावली शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यामुळे.

इंग्रज सरकारने 1859 मध्ये मुदतीचा कायदा केला. नोंदणी नसलेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही, तर पुढे लावता येत नसे. जुन्या बाकीचं लोढणं कुळाच्या गळ्यात राहू नये, हा हेतू. झालं उलटंच! तीन वर्षं भरत आली की सावकार दारात हजर. नवा रोखा लिही, नाहीतर कोर्टात चल. नव्या रोख्यात मागचं व्याज मुद्दल होऊन बसायचं. हिशेब करून पाहा. शंभर रुपयांना महिना शेकडा दोन रुपये व्याज धरलं, तर बारा वर्षांनी सरळ व्याजाने देणं 388 रुपये होतं. दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर 875 रुपये.

मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात दंगा उसळला. तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आला. लोकांनी सावकारांकडचे रोखे हिसकावून जाळले.

मग 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. कर्जापायी तुरुंग बंद झाला. रोख्यामागचा खरा हिशेब कोर्ट तपासू लागलं. चांगलं काम झालं, यात वाद नाही. पण सावकारही काही कच्चा नव्हता. कर्जाचा हिशेब उकरला जातो ना, मग कर्ज म्हणायचंच नाही! कागदावर सरळ विक्री, आणि माघारी देण्याचं वचन तोंडी. गरजू कुळ लिहून द्यायचं. पुढे कायद्यात दुरुस्ती करून असा तोंडी करार कोर्टात सांगायची सोय करावी लागली.

आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे. सावकारीच्या व्यवहारात खरेदीखताने गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. त्याला मुदत आहे, म्हणून वेळ घालवू नका. पैसे घेतल्याच्या आणि फेडल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्जाची चौकशी करा. तलाठी भाऊसाहेबांनीही फेरफार नोंदवताना जरा पाहावं. सातबारावर मालक बदलला, पण वावरात औत जुन्याच मालकाचं चालतंय, तर दोघांना बोलावून विचारायला काय हरकत आहे?