करडाचें पहिलें अन्न : चीक

वाशिम जिल्ह्यांतील रिठदसारख्या गांवीं शेळी ही अल्पभूधारकाची व मजुराची चालती ठेव होय. करडूं दगावलें, म्हणजे त्या घराच्या आशेवर पाणी पडतें. असे पुष्कळसे मृत्यु वेळेवर चीक पाजल्यानें टळतात.

मानवी अर्भकास आईच्या पोटांतच रोगप्रतिकारक द्रव्यें मिळतात. शेळीच्या वारेची रचना निराळी असल्यामुळें तिच्या गर्भास तीं मिळत नाहींत. परमेश्वरानें हें देणें चिकांत ठेविलें आहे. नवजात करडाच्या आंतड्यांतून हीं द्रव्यें जशींच्या तशीं रक्तांत शिरतात. परंतु हें द्वार तासातासानें मिटत जाऊन सुमारें २४ तासांत बंद होतें. चिकावांचून राहिलेलीं वासरें बहुतांशीं दगावतात, हें थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनीं १९२२ सालीं अमेरिकेंत प्रयोगानें दाखविलें.

वार पडेपर्यंत करडास पाजूं नये, ही समजूत निराधार आहे. वार पडण्यास कित्येक तास लागतात. उलट करडाच्या चोखण्यानें त्या कामीं साह्यच होतें.

शेळी व्याली, कीं हात व सड स्वच्छ धुवावे, कारण ज्या द्वारानें संरक्षण शिरतें, त्याच द्वारानें रोगजंतूही शिरूं शकतात. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्याव्या व तासाभराच्या आंत करडास सडाशीं लावावें. दोन किलो वजनाच्या करडास पहिल्या दिवसांत निदान २०० मिलिलिटर चीक चार वेळां विभागून मिळावा. जुळ्यांपैकीं अशक्त करडूं मागें राहतें. त्यास प्रथम पाजावें. बाटलीनें पाजतांना त्यास उभें ठेवावें, नाहीं तर चीक फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. आईची कास सुजली असल्यास नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा चीक द्यावा. फ्रीजरमध्यें गोठविलेला चीक कोमट पाण्यांत भांडें ठेवून वितळवावा. तो कधींही उकळूं नये. उष्णतेनें थिजून ज्यांचा खरवस होतो, त्या प्रथिनांतच करडाचें संरक्षण असतें.

खरवस आपणां सर्वांस प्रिय आहे. परंतु विद्यार्थी मित्रांनो, करडांचीं पोटें भरल्यावर जो चीक उरेल, तोच आपला. आपल्या घरीं शेळी व्याली, तर ही गोष्ट वडीलधाऱ्यांस नम्रपणें सांगा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. कारण पहिल्या दिवशीं गमावलेलें हें देणें दुसऱ्या दिवशीं कितीही चीक पाजला, तरी परत मिळत नाहीं.