हलकी गोळी, जड धातू

शाळकरी मुलांच्या दप्तरातील शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचा जवळचा नातलग; जुन्या काळी लोकांनी त्याला शिशाचाच एक प्रकार मानले आणि ती चूक भाषेत कायमची मुरली. उलट, परंपरेने मारुतीला फासला जाणारा शेंदूर हा शिशाचा भस्मरूप प्रकार आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शिशाच्या बाबतीत माणसाची अशी गफलत वारंवार झालेली आहे. ते जेथे नाही तेथे त्याला दिसते आणि जेथे आहे तेथे दिसत नाही. पिस्तुलाची गोळी हे याचेच उदाहरण होय. ती शिशाची असते हे सर्वांना ठाऊक असते. पण गोळीचा धोका म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो नळीसमोर उभा असलेला मनुष्य. नळीच्या मागे उभ्या असलेल्या मनुष्याचा विचार जगाने फार उशिरा सुरू केला.

अमेरिकेत घरच्या घरी पिस्तुलाच्या गोळ्या ओतणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा असल्यामुळे इकडील वाचकास हा छंद चमत्कारिक वाटेल. तिकडे मात्र तो आपल्या उन्हाळ्यातील पापड-कुरडयांइतका घरगुती आहे. गाडी ठेवण्याच्या खोलीत एका बाजूला शेगडी, तिच्यावर शिशाचे भांडे, हाती पळी आणि दोन फाकांचा साचा, एवढी सामग्री पुरते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाला याच्या चौपटीहून अधिक उष्णता लागते. वितळलेल्या रसात मेणाचा तुकडा टाकून ढवळले की मळी वर येते, ती काढून टाकावयाची आणि रस साच्यात ओतावयाचा. तवा तापेपर्यंत पहिले घावन बिघडते, तशा साचा तापेपर्यंत पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा भांड्यात जातात. पुढे हात बसला की तासाभरात शेकडो चकचकीत गोळ्या कापडावर पडतात. त्या मापात आणून, त्यांच्या खाचेत मेण व ग्रीस भरून, रिकाम्या पितळी पुंगळ्यांत बसविल्या की काडतूस तयार होते.

या मंडळींत हलक्या आणि जड गोळीचा वाद फार जुना आहे. गोळीचे वजन ते ‘ग्रेन’ या मापात सांगतात. हे माप धान्याच्या दाण्यावरून आलेले, आपल्या सोनारांच्या गुंजेसारखेच. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. अडतीसच्या रिव्हॉल्व्हरची रूढ गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सव्वादहा ग्रॅमची असते. तीच १०० ग्रेनची ओतली तर साडेसहा ग्रॅममध्ये भागते. किलोभर शिशात जेथे ९७ गोळ्या होत तेथे १५४ होतात. दारू कमी लागते, हाताला बसणारा दणका कमी होतो, आणि नवशिक्याला किंवा वय झालेल्या मनगटाला नेमबाजी सोसते. आयडाहोतील एल्मर कीथ (१८९९–१९८४) हे जड गोळीचे मोठे पुरस्कर्ते. १९५५ साली आलेल्या ४४ मॅग्नम काडतुसामागे त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्या लेखनाने अमेरिकन नेमबाजांच्या दोन पिढ्या जड गोळीच्या बाजूला वळविल्या. हलक्या गोळीचे चाहते या थोरामोठ्यांच्या पंगतीत न बसणारे, काटकसरी लोक. त्यांना कोणतेही श्वापद लोळवावयाचे नसते. कागदाच्या पाटीवर एकाशेजारी एक भोके पाडण्यात त्यांना समाधान असते.

हलक्या गोळीची एक गंमत पाहण्यासारखी आहे. ती जड गोळीपेक्षा वेगाने जाते. तेव्हा ती पाटीवर वरच्या अंगाला लागावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जवळच्या अंतरावर ती खाली लागते. जड गोळी नळीतून बाहेर पडण्यास किंचित अधिक वेळ घेते आणि तेवढ्यात दणक्याने नळीचे तोंड वर उचललेले असते. हलकी गोळी त्याआधीच निसटते. सेकंदाच्या हजाराव्या भागाची ही हकीकत पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला वर्गात सांगता येईल. वेगालाही मर्यादा असतेच. आवरण नसलेली साधी शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ३०० मीटरच्या आत ठेवतात. त्यापलीकडे मऊ धातू नळीच्या आट्यांना माखू लागतो आणि नेम बिघडतो. म्हणून शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून त्यास कणखर करतात.

येथे या छंदाचा वृत्तपत्रांशी असलेला संबंध येतो. शिसे, अँटिमनी व कथील हेच तर छापखान्यातील खिळ्यांचे मिश्रण. लायनोटाइप यंत्राच्या धातूत शंभर भागांत साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी एकामागून एक ही यंत्रे मोडीत काढली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १९७८ मध्ये तप्त धातूची जुळणी बंद केली. मोडीत निघालेला हा धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी आवडीने उचलला. कालपर्यंत ज्या शिशातून अग्रलेख आणि बाजारभाव उमटले त्याच्याच गोळ्या झाल्या. तो साठा सरत गेला तसे हौशी लोक टायरवाल्यांकडे मिळणाऱ्या, चाकाचा तोल साधणाऱ्या शिशाच्या वजनांकडे वळले. पण कॅलिफोर्नियाने २०१० पासून तीही बंद केली. त्यांच्या जागी आलेले जस्ताचे एखादे वजन चुकून भांड्यात पडले तर सारा घाणा बिघडतो, अशी या मंडळींची नित्याची तक्रार असते.

छापखान्यातील शिशाविषयी एक पत्र प्रसिद्ध आहे. बेंजामिन फ्रँकलिन हे मुळात मुद्रक. १७८६ साली एका मित्राला लिहिताना त्यांनी लंडनच्या छापखान्यातील आपल्या तरुणपणची आठवण सांगितली. थंडीत खिळे शेकोटीजवळ तापवून ते हाताळणाऱ्या जुळाऱ्यांचे हात दुखत आणि अखेरीस लुळे पडत. शिसे विषारी आहे हे फ्रँकलिनच्याही फार आधीपासून माहीत होते. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने शिसे ओतणाऱ्या कारागिरांच्या फिकट वर्णाची नोंद इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच केली होती. त्याच काळी आणि त्याआधीही ग्रीक व रोमन सैनिक गोफणीसाठी शिशाच्या गोळ्या ओतीत. कित्येक ग्रीक गोळ्यांवर शत्रूसाठी ‘घे’ एवढाच शब्द उठविलेला आढळतो. ओतणाराही काही घेतच होता.

याहून बोलके उदाहरण १७७६ चे आहे. अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा ९ जुलै रोजी न्यूयॉर्कमध्ये सैन्यापुढे वाचला गेला आणि त्या रात्री जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा सोनेरी मुलाम्याचा शिशाचा अश्वारूढ पुतळा दोर लावून पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्याकडे गेले. तेथे बायका-मुलांनी ते वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याचा हिशेब वॉलकॉट यांनी ठेवला आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या मुलामुलींचीही नावे आहेत. अमेरिकन शाळांतून ही कथा अभिमानाने सांगितली जाते, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. मात्र त्या हिशेबात गोळ्या मोजल्या गेल्या. त्या मुलांच्या अंगात किती शिसे गेले ते मोजण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

आज ते साधन आहे आणि त्यावरून जे कळते ते हौशी लोकांच्या समजुतीपेक्षा थोडे निराळे आहे. भांड्यातून निघणाऱ्या वाफेची भीती अनाठायी असल्याचे ते सांगतात. त्यात तथ्य आहे. शिसे उकळते ते १,७४९ अंशांना आणि भांडे त्याच्या पाव उष्णतेलाही क्वचितच पोचते. विष असते ते वर काढलेल्या मळीच्या भुकटीत, पुंगळ्या घासून स्वच्छ करताना उडणाऱ्या धुळीत, बोटांवर, बाह्यांवर आणि बुटांच्या तळांवर. शिवाय काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारे जे रसायन असते त्यातही शिसे असते. चाप ओढला की त्याचा सूक्ष्म धूर नेमबाजाच्या तोंडाशीच निघतो. बंदिस्त नेमबाजी केंद्रात हवा खेळती नसेल तर तो तेथेच घुटमळतो. मऊ, आवरणहीन गोळी तळाशी तापते आणि नळीत घासते, तीही त्यात भर घालते. म्हणजे जी गोळी हाताला सर्वांत सौम्य आणि खिशाला सर्वांत स्वस्त, तीच श्वासाला महाग पडण्याचा संभव असतो. अलीकडे गोळीवर रंगासारखा पातळ लेप देऊन भाजण्याची पद्धत निघाली आहे. तिने धूर कमी होतो, पण बुडाचे रसायन तेच राहिले तर काम अर्धेच होते.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने हवेतील शिशाची मर्यादा १९७८ साली घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरविली. सैन्याच्या नेमबाजी केंद्रांवर नित्य काम करणाऱ्यांसाठी ती पुरेशी आहे काय, याचा विचार तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने केला. ती पुरेशी नाही आणि रक्तातील शिसे डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतानाही मज्जासंस्था, मूत्रपिंड व हृदय यांवर परिणाम होतात, असा तिचा २०१२ चा निष्कर्ष आहे. मुलांच्या बाबतीत तर धोक्याची रेघ सतत खाली सरकत आली. १९६० च्या दशकात ती ६० मायक्रोग्रॅमवर होती. १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ पासून साडेतीन. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवते आणि ते तेथे दशकानुदशके राहते. गरोदरपणी हाडांतील कॅल्शियम गर्भाकडे जाऊ लागले की जुने शिसेही त्याच्याबरोबर निघते. बापाच्या बुटाला लागून घरात आलेली धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जाते, हे तर सांगावयासही नको.

मिसूरीमधील हर्क्युलेनियम या गावी १८०९ साली छर्रे पाडण्याचा मनोरा उभारण्यात आला. उंचावरून सोडलेला शिशाचा थेंब खाली पडता पडता आपोआप गोल होतो, ही ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स याची १७८२ ची युक्ती तेथे वापरली गेली. पुढे त्याच गावात शिसे गाळण्याचा मोठा कारखाना आला. परिसरातील मुलांच्या रक्तात शिसे आढळले, जवळची घरे विकत घेऊन रिकामी करण्याची पाळी आली आणि २०१३ च्या अखेरीस कारखाना बंद झाला. खनिजापासून शिसे गाळणारा अमेरिकेतील तो शेवटचा कारखाना होता. गोळ्या ओतणाऱ्यांनी त्यावेळी मोठी ओरड केली. सरकार मागील दाराने आपली काडतुसे हिरावून घेत आहे, असे त्यांच्यातील अनेकांना वाटले. वस्तुतः गोळ्यांना लागणारे बरेचसे शिसे आधीपासूनच जुन्या बॅटऱ्यांतून येत होते, ते येत राहिले.

त्यांच्या रागाला एक दुसरे कारणही आहे. कॅलिफोर्नियात कोंडोर नावाचे प्रचंड गिधाड आहे. १९८७ साली शेवटचा मुक्त पक्षी पकडला गेला तेव्हा त्याची सारी जात मिळून २७ पक्षी उरले होते. पिंजऱ्यातील पैदाशीमुळे ती संख्या पुढे पाचशेवर गेली. पण सोडलेले पक्षी शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या आतड्यांतील शिशाचे कण खाऊन मरतात. आपल्याकडे गिधाडांचा संहार जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने झाला आणि २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर थांबवावा लागला. तेथे औषधाची गोळी आणि येथे बंदुकीची, एवढाच फरक. मराठीत तर शब्दही एकच. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्णपणे बंद केली. पाटीवर नेम धरणाऱ्यांना हा कायदा लागू नाही. तरीही आज शिकारी तर उद्या आपण, ही धास्ती त्यांना वाटते. मातीच्या बांधात रुतणारी त्यांची मंदगती गोळी कोंडोरच्या पोटात जात नाही, हा त्यांचा युक्तिवाद खरा आहे. दुर्दैवाने तो पक्ष्याविषयी आहे. त्यांच्या स्वतःच्या रक्ताविषयी नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा समजण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाची गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ पदार्थाचीच असावी लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. बावीसची ती गोळी अवघी २.६ ग्रॅमची असते. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात, म्हणजे १५६ ग्रॅम शिसे. सरावाचे ते वेगळेच. शाळकरी मुले सुरुवात करतात ती दहा मीटरच्या हवाई पिस्तुलावर. त्यात दारू नसते, धूर नसतो, म्हणून पालक निर्धास्त असतात. त्या पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, बहुधा शिशाचाच. आणि तो प्रत्येक वेळी डबीतून चिमटीने उचलून नळीत बसवावा लागतो. साठ वेळा. मग मुले हात पुसतात आणि जेवणाचा डबा उघडतात.