बैठक जमली पाहिजे!

सायकलवरून पुण्याहून गोव्याला जायचे म्हटले, की लोक पायांची चौकशी करतात. पायांचे काय, ते कुरकुरत का होईना, चालतात. प्रवास अडतो तो बैठकीपाशी! गवयाची असो वा सायकलस्वाराची, बैठक बिघडली की रंग गेलाच.

गेल्या हिवाळ्यात आमचे मेव्हणे बरोबर होते. निवृत्तीनंतरची त्यांची पहिलीच मोठी दौड. सीटवर दोन बोटे जाडीचे मऊ आवरण चढवून स्वारी निघाली. कात्रज झाला, खंबाटकी झाला. पण सुमारे ११० किलोमीटरांवर साताऱ्याला उतरले ते मुंग्यांची तक्रार घेऊनच. "मी उद्या एस. टी. ने परत जातो," म्हणाले. आवाजात विनोद नव्हता.

"भावोजी, आधी ते आवरण काढा."

त्यांना थट्टा वाटली. वास्तविक आपले बसणे असते ते कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. सीट त्या हाडांना पुरेल इतकी रुंद आणि बेताची कठीण हवी. फार मऊ असली, की हाडे आत रुततात, मधला भाग वर येतो आणि तिथल्या नाजूक शिरा दाबल्या जातात. मुंग्या येतात त्या त्यामुळे. (थांबूनही बधिरपणा गेला नाही, तर दौड बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.) बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सने १८८२ साली सीटचे पेटंट घेतले, त्या कारखान्याच्या ताणलेल्या चामड्याच्या सीटवर आजही लोक हजारो किलोमीटर जातात. नवी असताना ती पाटासारखी कडक! काहीशे किलोमीटरांनंतर मालकाच्या हाडांचा ठसा घेते. पावसात मात्र तिला जपावे लागते.

रुंदी घरीच मोजता येते. जिन्याच्या पायरीवर पन्हाळीदार पुठ्ठा ठेवून त्यावर बसावे आणि दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर घ्यावे. सीट त्याहून दोनएक सेंटिमीटर रुंद हवी.

साताऱ्याच्या लॉजमध्ये नवी सीट कुठून आणणार? पण मेव्हण्यांची सीट उंच होती. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलायची, म्हणजे घर्षण आलेच. टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवली असता पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी ती उतरवली. वर आलेले नाक समतल केले. आतली चड्डी रद्द! नुसती गादीची सायकल-चड्डी, रोज रात्री धुऊन खडखडीत वाळवलेली. शिवणीचा एक दोरा तिसऱ्या दिवशी करवतीसारखा लागतो, हे घरातल्या मंडळींना सांगून पटत नाही.

दुसऱ्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी मी ओरडायचो, "उठा!" आणि ते पेडलांवर क्षणभर उभे राहायचे. कराडला दुखत होते, पण मुंग्या नव्हत्या. कोल्हापुरात त्यांनी एस. टी. चे नाव काढले नाही; तांबडा रस्सा मात्र दोनदा मागवला. चौथ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरून आम्ही सावंतवाडीत शिरलो, तेव्हा ते माझ्या पुढे होते.

ते आवरण सध्या आमच्या घरी मांजरीकडे आहे.