मोटारगृहातील उंदीर व अन्य उपद्रवी जीव : प्रतिबंधाचा एक विचार

प्रस्तावना

अमेरिका व कॅनडा या देशांत मोटारगृह, म्हणजे तेथील रूढ शब्दांत मोटारहोम किंवा आर.व्ही., हे प्रवासाचे आणि काही अंशी निवासाचेही एक प्रस्थापित साधन आहे. झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, पाण्याच्या टाक्या, गॅसवर चालणारा हीटर व शीतकपाट इतक्या सोयी एकाच वाहनात सामावलेल्या असतात. निवृत्त दांपत्ये त्यात महिनोन्‌महिने राहतात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही उन्हाळ्याच्या सुट्टीत असे वाहन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांच्या सहलीस जातात. तथापि, हे वाहन वर्षातील बराच काळ एका जागी उभेच असते. थंड प्रदेशांत शरद ऋतूच्या अखेरीस ते आवरून ठेवले जाते आणि वसंतात पुन्हा उघडले जाते. मधल्या चार-पाच महिन्यांत त्यात भाडे न देणारे बिऱ्हाडकरू येऊन राहिलेले असतात.

उंदरांचा प्रश्न आला की सामान्यतः सापळा आणि विष यांचा विचार प्रथम होतो. मोटारगृहाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. हा प्रश्न मुख्यतः बांधणीचा आहे, म्हणजे भिंतींतील पोकळ्यांचा आणि तळातील छिद्रांचा आहे. आणि त्यातील सर्वांत धोक्याची वेळ उंदीर आत असतानाची नसून, तो निघून गेल्यावर मालक झाडू हाती घेतो ती आहे. प्रस्तुत लेखात या दोन मुद्द्यांच्या अनुषंगाने प्रतिबंधाच्या उपायांचा विचार केला आहे.

योसेमिटीचे उदाहरण

मे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्ये जेथे मिळतात त्या प्रदेशात धडधाकट तरुण माणसे अल्पावधीत श्वास कोंडून दगावू लागली. शोधाअंती कारण ठरला तोपर्यंत अज्ञात असलेला एक हंताविषाणू. त्यास पुढे ‘सिन नोम्ब्रे’ हे स्पॅनिश नाव देण्यात आले. त्याचा अर्थच ‘बिननावाचा’ असा आहे. त्याचा मुख्य वाहक म्हणजे डिअर माऊस हा रानटी उंदीर. पाठ तपकिरी, पोट व पाय पांढरे, शेपटीही वरून गडद व खालून पांढरी, डोळे टपोरे, असे त्याचे रूप असते. घरात वावरणारा सर्वांगी करडा लहान उंदीर हा विषाणू पसरवीत नाही. डिअर माऊसच्या मूत्रातून, लेंड्यांतून व लाळेतून विषाणू बाहेर पडतो. हे द्रव्य वाळून धुळीत मिसळले आणि ती धूळ श्वासावाटे आत गेली की माणसास लागण होते. एक ते आठ आठवड्यांनी ताप व अंगदुखी सुरू होते आणि त्यानंतर फुप्फुसांत पाणी साठू लागते. श्वसनाची लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३८ टक्के दगावतात. या विषाणूवर विशिष्ट औषध नाही व मान्यताप्राप्त लसही नाही.

इ.स. २०१२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानास भेट दिलेल्या १० जणांना या रोगाची लागण झाली आणि त्यांपैकी ३ जण मरण पावले. दहापैकी नऊ जण करी व्हिलेज येथील ‘सिग्नेचर’ नावाच्या विशिष्ट तंबूघरांत राहिलेले होते. त्याच वसाहतीत साधे एकपदरी कापडी तंबूही मोठ्या संख्येने होते. मग रोग नेमका या तंबूघरांतच का दिसावा, हा प्रश्न उद्‌बोधक आहे. ही तंबूघरे २००९ मध्ये उभारलेली होती आणि पाहुण्यांना थंडी बाधू नये म्हणून त्यांच्या भिंती दुहेरी करून मध्ये उष्णतारोधक थर भरलेला होता. त्या थरातच उंदरांनी घरटी केली. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस अशी ९१ तंबूघरे बंद करण्यात आली. माणसाच्या ऊबेसाठी केलेली सोय उंदरासही तितकीच मानवली, असे म्हणावे लागते.

मोटारगृहाची भिंत याच तत्त्वावर बांधलेली असते. बाहेर फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवुडचा पातळ थर आणि मध्ये फोम किंवा काचतंतूंचे भरण. त्यात छताची पोकळी, ओट्याखालील कप्पे, गाद्यांखालील पेट्या आणि सरकत्या भागांच्या मागील फटी यांची भर पडते. तंबूघरापेक्षा येथे पोकळ्या अधिक आहेत आणि त्या साफ करण्यास कठीण आहेत.

वाहने व रोग यांचा संबंध केवळ तर्काचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा यांचे न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे याच रोगाने निधन झाले. त्यानंतर केलेल्या पाहणीत त्यांच्या आवारातील गॅरेज, इतर लहान बांधकामे तसेच काही वाहने यांत उंदरांच्या वावराच्या खुणा आढळल्या होत्या.

प्रवेशमार्ग व ते बंद करण्याची रीत

लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढ्या छिद्रातून आत शिरू शकतो. मोठ्या उंदरास सुमारे १२ मिलिमीटर पुरतात. मोटारगृहाची चासी एका कारखान्यात आणि वरचे घर दुसऱ्या कारखान्यात तयार होते. वायर, पाण्याच्या नळ्या, गॅसची नळी आणि मैलापाण्याचा पाइप यांसाठी तळाला भोके पाडली जातात. भोक पाइपापेक्षा थोडे मोठे असतेच, आणि उरलेल्या चंद्रकोरीएवढ्या फटीकडे कारखान्यात कोणी फारसे पाहत नाही. वाहन जुने होऊ लागले की रबरी पट्ट्या कडक होतात, सरकत्या भागांचे कोपरे उघडे पडतात, आणि बाहेरून वीज घेण्याच्या केबलचे झाकण नीट बसेनासे होते.

ही छिद्रे शोधण्याची सर्वांत भरवशाची रीत अगदी साधी आहे. रात्री वाहनाखाली प्रखर दिवा ठेवावा, आतील सर्व दिवे मालवावेत आणि एकेक कप्पा उघडून कोठून उजेड येतो ते पाहावे. जेथून उजेड येतो तेथून उंदीर येऊ शकतो. दिसलेल्या जागी खडूने खूण करून दिवसा काम करावे. या कामास दोन माणसे असल्यास बरे.

छिद्र बुजवण्यासाठी फवाऱ्याच्या डब्यातील फोम एकटा वापरण्याची चूक फार आढळते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि फोम कुरतडणे त्यास जड जात नाही. तारेच्या घासणीसारखे स्टील वूल दाताखाली टोचते, परंतु दमट हवेत त्याचा गंज होऊन भुगा पडतो. म्हणून तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी छिद्रात घट्ट कोंबून त्यावर सीलंट भरणे अधिक टिकाऊ ठरते. मोठ्या भगदाडावर ६ मिलिमीटर विणीची जाड लोखंडी जाळी स्क्रूने बसवावी.

मात्र सर्वच फटी बुजवायच्या नसतात, आणि या बाबतीत उत्साही मालकांना आवरणे आवश्यक आहे. गॅसच्या टाकीच्या कप्प्यास तळाशी ठेवलेली भोके हेतुपुरस्सर असतात. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तेथून बाहेर पडतो. ती भोके बंद केली तर उंदराचा उपद्रव टळेल आणि स्फोटाचा ओढवेल.

उभे करण्याच्या जागेबद्दल फार सांगण्याची गरज नाही. गवतापेक्षा काँक्रीट वा खडी बरी. सरपणाचा ढीग दूर असावा. धान्य, बिस्किटे, पाळीव प्राण्यांचे खाद्य, साबण, मेणबत्त्या आणि घरट्यास उपयोगी पडणारे कागदी रुमाल हे सर्व बाहेर काढावे.

प्रचलित उपायांची पारख

पुदिन्याचे तेल, सुगंधी कापडी पट्ट्या, अल्ट्रासाऊंडची यंत्रे आणि डांबराच्या गोळ्या असे अनेक उपाय मोटारगृहधारकांत लोकप्रिय आहेत. वास उडून गेला की तेलाचा प्रभाव सरतो. चार महिने बंद असलेल्या वाहनात तो टिकवणार कोण? अल्ट्रासाऊंडच्या यंत्रांविषयी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना पत्रे पाठवून, परिणामकारकतेचे दावे शास्त्रीय पुराव्यानिशीच करावेत, असे बजावले होते. डांबराच्या गोळ्या तेथे कीटकनाशक म्हणून नोंदलेल्या आहेत आणि वेष्टनावरील सूचनांपलीकडे त्यांचा वापर करणे कायद्याचे उल्लंघन ठरते. शिवाय त्यांची वाफ गाद्यांत मुरते व तेथे झोपणाऱ्यांच्या श्वासात जाते.

विषाबाबत अधिक सावधगिरी हवी. ब्रोडिफॅकमसारखी रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी परिणाम करतात. तोपर्यंत उंदीर भिंतीच्या पोकळीत परतलेला असतो व तेथेच मरतो. दुर्गंधी आठवडेच्या आठवडे राहते, माश्या होतात, आणि भिंत फोडल्याशिवाय उपाय उरत नाही. बाहेर मेलेला उंदीर घुबड किंवा ससाणा खातो आणि विष पुढे जाते. या कारणास्तव कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२१ पासून अशा दुसऱ्या पिढीतील विषांच्या बहुतेक वापरांवर निर्बंध घातले. चिकट फळ्यांवर अडकलेला उंदीर भीतीने मूत्र सोडतो, म्हणून हंताविषाणूच्या प्रदेशात त्या त्याज्य होत. साधा चापाचा सापळा, थोडे शेंगदाण्याचे लोणी लावून, भिंतीशी काटकोनात ठेवावा; उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. छिद्रे बुजवल्यावर आत राहिलेल्या एकदोघांसाठी एवढे पुरते. छिद्रे न बुजवता सापळे लावणे म्हणजे गळक्या हौदातील पाणी उपसणे होय.

नैर्ऋत्येकडील वाळवंटी राज्यांत पॅकरॅट नावाचा मोठा उंदीर हाच मुख्य शत्रू आहे. काड्या, निवडुंगाचे काटे व चमकणाऱ्या वस्तू जमवण्याची त्यास हौस असते, आणि इंजिनाच्या कप्प्यात घरटे करताना तो वायरी तोडतो. याच्या आप्तांनी गुहांत रचलेले काही ढीग ४० हजार वर्षांहूनही जुने असून त्यांतील वनस्पतींच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी प्राचीन हवामानाचा अभ्यास केला आहे. ज्याचे वायरिंग कुरतडले गेले त्यास या माहितीने दिलासा मिळण्याचा संभव कमीच.

कीटकांचा उपद्रव

उंदीर फटी शोधतो, तर कीटक नळ्या शोधतात. मातीची घरटी बांधणारी कुंभारीण ही गांधीलमाशी हीटरच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत घरटे करते. अशा स्थितीत हीटर पेटवल्यास ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड आत साचण्याची भीती असते. दीर्घकाळ उभ्या यंत्रात एवढासा कीटक काय करू शकतो, याचे कठोर उदाहरण विमानवाहतुकीत आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले बर्गनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणारी एक नळी बंद झाली होती, आणि ती बहुधा अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, असे अनुमान काढण्यात आले. उड्डाणापूर्वी विमान काही काळ नळ्या न झाकता उभे होते. कोळ्यांना इंधनाच्या वाफेचे आकर्षण असते; २०११ मध्ये माझ्दा कंपनीने एका प्रकारच्या मोटारी इंधनवाफेच्या नळीत होणाऱ्या कोळिष्टकांमुळेच परत बोलावल्या होत्या.

नळ्यांच्या तोंडावर बारीक जाळी बसवणे हा उपाय सुचतो, परंतु हीटरच्या झरोक्यावर ती लावल्यास हवेचा प्रवाह अडतो. म्हणून अनेक उत्पादक ती वर्ज्य मानतात. वाहन उभे असताना तात्पुरते झाकण, वापरापूर्वी ते काढून नळीची पाहणी, आणि कार्यक्षम कार्बन मोनॉक्साइड सूचकयंत्र, हा मार्ग सुरक्षित आहे. मुंग्या टायर, केबल व पाण्याची नळी यांवरून चढतात. त्यांना फवाऱ्यापेक्षा आमिषयुक्त औषध अधिक लागू पडते.

साफसफाईची पद्धत

वसंतात वाहन उघडल्यावर ओट्याखाली लेंड्या दिसतात आणि हात आपोआप झाडूकडे किंवा व्हॅक्यूम क्लीनरकडे जातो. हीच कृती टाळावयाची आहे, कारण दोन्हींमुळे धूळ हवेत उडते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितलेली रीत अशी : प्रथम दारे-खिडक्या उघडून किमान ३० मिनिटे बाहेर थांबावे. रबरी हातमोजे घालावेत. एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण लेंड्यांवर व घरट्यावर चिंब होईपर्यंत टाकावे, पाच मिनिटे मुरू द्यावे, मग कागदी रुमालाने टिपून बंद पिशवीत भरावे. शेवटी हातमोजे धुऊन काढावेत व हात साबणाने धुवावेत. भिंतीच्या भरणात खोलवर घरटी असल्यास ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवणे इष्ट.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याने हा विषय येथेही अगदी परका राहिलेला नाही. डिअर माऊस भारतात नाही, त्यामुळे सिन नोम्ब्रेची भीती येथे नाही. परंतु उंच चढण्यात तरबेज असलेला काळा उंदीर आणि जमीन पोखरणारी घूस येथे आहेत, आणि उंदरांच्या मूत्रावाटे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस येथे आहे. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. येथील काळ्या उंदरास १२ मिलिमीटरची फट पुरत असली, तरी घरातील लहान उंदराचा विचार करून ६ मिलिमीटरचेच माप धरणे योग्य. त्यास आत लोटणारी थंडी नसून पाऊस आहे. त्यामुळे अमेरिकेत जी तपासणी सप्टेंबरमध्ये करतात, ती येथे मे महिन्यात उरकावी लागेल.